लोणच्याची काकडी परड्यात: बेळगाव, खानापूर, चिकोडीकडचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की ओळखीपाळखीतून विचारणा सुरू होते. बी कुठलं घ्यायचं, आत्ता लावलं तर चालतं का, आमच्याकडं काळी जमीन आहे, लोणचं मऊ पडलं, वर पांढरं आलं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हणून हे. माझं परडं खानापूरच्या बाजूला, लाल मातीचं. माहेर अथणीकडं, काळ्या रानातलं. त्यामुळं दोन्हीकडच्या चुका करून झाल्या आहेत.

लोणच्याची काकडी म्हणजे आपलीच काकडी कोवळी तोडलेली ना?

जात एकच, वाण वेगळं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही काकड्याच, पण लोणच्याचं वाण आखूड, जाड गराचं, पातळ सालीचं आणि अंगावर खरखरीत फोड असलेलं असतं. बियांची पोकळी लहान असते, म्हणून मिठाच्या पाण्यात महिनाभर राहिली तरी करकरीत राहते. आपली कोशिंबिरीची काकडी कोवळी तोडून बरणीत घातली तर लोणचं होतं, नाही असं नाही, पण पंधरा दिवसांत आतून पाणचट होते.

नावांचा घोळ मात्र आहे. बाजारात कुणी घेरकीन म्हणतं, कुणी गर्किन. कानडी शेतकरी मिडी सौते म्हणतात. सौते म्हणजे काकडी आणि मिडी म्हणजे अगदी कोवळं फळ. अप्पेमिडीच्या, म्हणजे बारक्या कोवळ्या कैरीच्या, लोणच्यातली मिडी तीच. हे नाव मला सगळ्यात चोख वाटतं, कारण त्यात काढणीची वेळही सांगितलेली आहे. आणखी एक: काही इंग्रजी पुस्तकांत तोंडल्यालाही घेरकीन म्हटलेलं सापडतं. त्यावरून एकीनं तोंडल्याचा वेल लावला आणि लोणचं काही जमेना म्हणून मला फोन केला. तोंडली वेगळी, ही वेगळी.

मी लावावी का?

आधी एवढंच सांगा, दीड महिना रोज सकाळी वेलापाशी दहा मिनिटं उभं राहणं जमेल का? जमणार असेल तर लावा. बाकी सगळं शिकता येतं. हे पीक खताचं नाही, औषधाचं नाही, काढणीचं आहे. बोटाएवढी काकडी उन्हाळ्यात एका दिवसात वजनानं जवळजवळ दुप्पट होते. तीन वर्षांपूर्वी मी चंदगडला लग्नाला गेले, तीन रात्री राहिले, आणि परत आले तर वेलाला लोणच्याच्या काकड्या नव्हत्याच. मनगटाएवढे ठोंब लोंबत होते. त्याहून वाईट म्हणजे वेलानं पुढची फुलं धरणं थांबवलं होतं. एक जरी फळ बी धरायच्या अवस्थेला गेलं तरी वेलाला वाटतं आपलं काम झालं.

ज्यांना आठवड्यातून एकदाच गावी जायला मिळतं त्यांनी साधी काकडी लावावी. तीही चांगलीच असते.

कोणत्या महिन्यात लावायची?

याचं उत्तर तुम्ही जिल्ह्यात कुठं राहता त्यावर आहे. बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडं चालत गेलात तर एका दिवसात दोन हवामानं दिसतात. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला आषाढात अंगण दिसत नाही एवढा पाऊस, आणि अथणीकडं त्याच दिवसांत ढग बघत बसायचं. घाटाचा आडोसा पडल्यामुळं तिकडं पाऊस पोचेपर्यंत दमून जातो.

खानापूर, जांबोटी आणि बेळगाव शहराच्या पश्चिमेकडच्या गावांनी आगोटीला ही काकडी लावू नये. मृगात लावलेली रोपं आर्द्रात कुजतात, राहिलीच तर पानांवर केवडा (ओल्या हवेतला बुरशीचा रोग) येतो. इकडं दोनच वेळा चांगल्या. पहिली गणपती गेल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस ओसरला की. दुसरी संक्रांतीनंतर, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. मला दुसरी जास्त आवडते, कारण हवा कोरडी आणि वेल निरोगी.

चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाककडं जूनमध्ये लावता येते. तिकडं उलट मार्च-एप्रिलचं ऊन त्रास देतं. पारा ३८ च्या वर गेला की फुलं गळतात आणि फळ कडू निघतं. म्हणून तिकडच्यांनी उन्हाळी लागवड जानेवारीतच उरकावी. निपाणी या दोन्हींच्या मधे आहे. शेजारी काय करतात ते बघा.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरभर कुठंच लावू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे आणि रात्री चांगलीच गार पडतात. बी उगवायला माती २५ ते ३० अंश उबदार लागते. तेवढी असली तर तीन ते पाच दिवसांत कोंब वर येतो. १५ अंशांच्या खाली बी नुसतं मातीत पडून सडतं.

बी कसं निवडायचं? पाकिटावर सगळं इंग्रजीत आणि कानडीत असतं.

दोन गोष्टी दुकानदाराला विचारून घ्या. हे वाण लोणच्याचं आहे का, आणि परागीभवनाशिवाय फळ धरणारं आहे का?

काही वाणांना मधमाशी लागत नाही, फुलाला फळ आपोआप धरतं आणि त्यात बीही होत नाही. गच्चीवर, जाळीच्या घरात किंवा जिथं माश्या कमी येतात तिथं हेच घ्यावं. दुसऱ्या प्रकारच्या वाणांना जवळजवळ सगळी मादी फुलंच येतात. त्यांना पराग पुरवायला पाकिटातच थोडं नर फुलांच्या वाणाचं बी मिसळलेलं असतं, कधीकधी वेगळ्या रंगात. ते बी वेगळं दिसतंय म्हणून फेकून देऊ नका.

गुलाबी किंवा हिरवा रंग लावलेलं बी म्हणजे बुरशीनाशक चोळलेलं बी. ते रात्रभर भिजत घालू नका, औषध धुऊन जातं. मुलांच्या हातात देऊ नका. साधं, रंग नसलेलं बी असेल तर चार-पाच तास कोमट पाण्यात भिजवलं तर चालतं.

आणि घरचं बी धरू नका. संकरित वाणाच्या फळातलं बी पुढच्या वर्षी दहा वेलांना दहा प्रकारची काकडी देतं. मी एकदा करून बघितलंय.

काळी माती चालते का?

चालते, पण पाणी साचू देऊ नका. काळ्या रानात वीत-सव्वावीत उंच गादीवाफा करा आणि पाणी वाफ्याच्या कडेनं सोडा. लाल मातीत निचरा आपोआप होतो, पण ती भुकेली असते. दर आळ्याला दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, ओंजळभर चुलीची राख आणि मिळाली तर लेंडीखताची एक ओंजळ. ताजं शेण नको, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

युरियाचा मोह टाळा. वेल हिरवागार, पानं थाळीएवढी आणि काकडी नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्या दहापैकी आठ जणांनी युरिया टाकलेला असतो.

कुंडीत येते का?

येते. बारा-पंधरा लिटरची बादली, तळाला भोकं, एका बादलीत एकच वेल. पाणी उन्हाळ्यात दोन वेळा.

पेरायची कशी?

थेट जागेवर. काकडीच्या मुळांना उपटून लावलेलं सोसत नाही. रोप करायचंच असेल तर कागदी पेल्यात करा आणि पेल्यासकट लावा. बी दोन सेंटिमीटर खोल, एका जागी दोन बिया, उगवल्यावर जोमदार ठेवून दुसरं रोप कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. दोन वेलांत एक फूट आणि दोन ओळींत तीन-साडेतीन फूट अंतर.

चार माणसांच्या घराला दहा-बारा वेल पुरे. कमी लावलेत तर एका दिवशी बरणी भरण्याएवढ्या काकड्या एकदम मिळत नाहीत, आणि लोणच्याची काकडी चार दिवस साठवून ठेवण्यात अर्थ नसतो.

मांडव करावा लागतो का?

जमिनीवरही पसरते, पण ताटी केली तर तुमचे डोळे वाचतात. पानांआड लपलेली काकडी हा या पिकातला खरा चोर. बांबू किंवा निलगिरीच्या काठ्या, पाच फूट उंच, मधे सुतळीची किंवा नायलॉनची जाळी. वेल स्वतः चढतो, पहिले आठ दिवस हात द्यावा लागतो. बुडाशी भाताची पिंजर अंथरा, ऊस असेल तर पाचट. ओलावा टिकतो आणि मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.

पाणी सकाळी, बुडाला. पानांवर नको.

फुलं भरपूर येतात, पण सगळी गळून जातात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा काहीच चुकत नाही. साध्या वाणात पहिल्यांदा आठ-दहा दिवस नुसती नर फुलं येतात आणि गळतात. मादी फुलाच्या मागं इवलीशी काकडी असते, ती ओळखायला शिका. मादी फुलं यायला लागली आणि तरीही ती बारकी काकडी पिवळी पडून सुकते, तेव्हा परागीभवन होत नाही असं समजा. सकाळी दहाच्या आत नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. एक नर फूल तीन मादी फुलांना पुरतं.

औषध फवारायचंच असेल तर संध्याकाळी फवारा. सकाळी माश्या कामावर असतात.

काकडी एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला बारीक, असं होत असेल तर तेही अर्धवट परागीभवनाचं किंवा पाण्याच्या ओढीचं लक्षण.

शेजारच्या परड्यात कडू दोडका आहे. त्यामुळं माझी काकडी कडू होईल का?

नाही. दोडका, दुधी, कारलं यांचा काकडीशी संकर होत नाही. चिबूड आणि वाळूक दिसायला जवळचे, पण त्यांचाही होत नाही. आपल्या साध्या काकडीशी आणि तवशाशी (मोठ्या पावसाळी काकडीशी) मात्र होतो. तरीसुद्धा त्याचा परिणाम बियात दिसेल, या वर्षीच्या फळात नाही.

कडवटपणा वेलातच असतो. काकडी वर्गाच्या झाडांत कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, पानांत जास्त, फळात कमी. उन्हाचा ताण, पाण्याची ओढाताण, दोन दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर, यानं ते फळात उतरतं. देठाकडं आणि सालीत जास्त. टोक कापून फेस येईपर्यंत घासायची आपल्या आजीची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी अजूनही सवयीनं घासते, पण खरा उपाय देठाकडचा तुकडा टाकून देणं आणि पाणी नेमानं घालणं.

एखादी काकडी जिभेला खूपच कडू लागली तर थुंका, ‘कडू असलं तरी औषधी’ म्हणून गिळू नका. पोट बिघडतं.

रोग-किडीचं काय? कोणतं औषध मारू?

औषधाआधी डोळे. दोन पानं निघाल्यापासून पहिले पंधरा दिवस तांबडे भुंगेरे येतात आणि कोवळ्या पानांची चाळण करतात. सकाळी थंडीत ते सुस्त असतात. हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दवानं ओल्या पानांवर राख भुरभुरली तरी त्यांना आवडत नाही.

पानावर शिरांच्या मधे कोनाकोनाचे पिवळे डाग आणि खालून करडी बुरशी दिसली तर केवडा. हा ओल्या हवेचा रोग, खानापूरकडं जास्त. खालची पानं काढून जाळा, हवा खेळू द्या, दाट लावलं असेल तर एक वेल बळी द्या. पानावर पिठूळ पांढरं दिसलं तर भुरी. ही कोरड्या दिवसांत आणि गार रात्रीत येते, फेब्रुवारीत हमखास. भुरीला एक भाग दूध नऊ भाग पाण्यात मिसळून उन्हाच्या वेळी फवारते, आठवड्यातून एकदा, सुरुवातीलाच. गंधक मात्र जपून, कडक उन्हात काकडीची पानं करपतात.

पानं चुरगळलेली, हिरवी-पिवळी ठिपकेदार, वेल खुरटलेला, तर तो विषाणू. औषध नाही. वेल उपटा, हात धुवा आणि मगच दुसऱ्या वेलाला हात लावा. हा विषाणू माव्यामुळं पसरतो, म्हणून माव्याला लिंबोळी अर्क.

फळमाशीचं खास सांगायचं म्हणजे आंब्याच्या झाडाला लावलेला सापळा काकडीला उपयोगी नाही. आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉलचा वास ओढतो, काकडीच्या माशीला क्यू-ल्युअरचा. दुकानात ‘फळमाशीचा सापळा’ एवढंच मागितलं तर कधीकधी आंब्याचाच हातात पडतो. डंख मारलेली फळं उकिरड्यावर टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठ दिवस उन्हात ठेवा.

यापुढं अडलं तर पान आणि फळ घेऊन रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा. बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोपला केंद्र आहे. अरभावीला बागायती महाविद्यालय आहे. कानडी येत नसलं तरी पान दाखवलं की बोलणं होतं.

काढणी कधी सुरू होते आणि किती लांबीला तोडायची?

पेरल्यापासून पस्तीस-चाळीस दिवसांनी. त्यापुढं चार ते सहा आठवडे. अख्ख्या लोणच्याला करंगळीपासून अंगठ्याएवढी, चकत्यांना थोडी मोठी, पण चार इंचांच्या पुढं नको. कात्रीनं कापा, देठाचा बारीक तुकडा राहू द्या. ओढून तोडलं तर वेल सोलवटतो.

सकाळी काढा, दुपारच्या आत मिठात घाला. वाकडी, पिवळी, डंखलेली जी असेल तीही काढून टाका. वेलावर काही ठेवायचं नाही.

लोणचं कसं घालायचं?

मी मिठाच्या पाण्यात आंबवते. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि ५० ग्रॅम जाडं मीठ. वजन काट्यावरच करा, चमच्यानं नको, जाड्या आणि बारीक मिठाच्या चमच्यात फार फरक पडतो. मीठ कमी झालं तर नासतं, फार झालं तर आंबतच नाही.

काकड्या स्वच्छ धुवा आणि फुलाकडच्या टोकाची पातळ चकती कापून टाका. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळेच ती विसरतात. फुलाच्या टोकाशी असं एक पाचक द्रव्य असतं की ते काकडीला आतून मऊ करतं. देठ कुठला आणि फूल कुठलं हे कळत नसेल तर दोन्ही टोकं कापा.

बरणीत तळाला लसूण, मिरे, मोहरी, एक-दोन ब्याडगी मिरच्या आणि चमचाभर बाळंतशेपा. युरोपातल्या लोणच्यातला तो ओळखीचा वास म्हणजे आपला शेपूच, तिथं त्याची फुलं आणि बी वापरतात, इथं आपण बाळंतिणीला देतो. सब्बसिगेच्या, म्हणजे कानडीतल्या शेपूच्या, कोवळ्या फांद्याही चालतात. मी दोन तिरफळं टाकते. सासूबाईंना ते पटत नाही, ‘तिरफळ बांगड्याला’ म्हणतात, पण बरणी त्याच आधी संपवतात.

काकड्या उभ्या रचा, मिठाचं पाणी घाला, वरून बशी आणि वजन ठेवा. एकही काकडी पाण्याच्या वर डोकावता कामा नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे येतात, पाणी गढूळ होतं, हिरवा रंग मेंदीसारखा होतो. फेब्रुवारीत पाच-सहा दिवसांत खाण्याजोगी, गार दिवसांत दहा-बारा लागतात. मग फ्रिजमध्ये.

बरणी चिनी मातीची किंवा काचेची. खानापूरची मातीची भांडी मला प्रिय आहेत, पण झिलई नसलेल्या मडक्यात मिठाचं पाणी पाझरतं आणि बाहेर मिठाचे पापुद्रे येतात.

करकरीत राहायला द्राक्षाची पानं घालतात म्हणे?

घालतात, त्यातल्या तुरटपणानं मऊ पडणं कमी होतं. पण अथणीकडच्या बागेतून आणू नका, त्या पानांवर किती फवारण्या झालेल्या असतात ते बागवाल्यालाच ठाऊक. घरच्या वेलाचं असेल तर एक पान पुरे. फुलाचं टोक कापलंत तर पानाशिवायही चालतं. चुन्याच्या निवळीत भिजवून काकडी टणक होते हे खरं, पण मग तीन-चार पाण्यांनी नीट धुवा. चुना राहिला तर आंबटपणा मारला जातो, आणि लोणचं टिकतं ते आंबटपणावरच.

वर पांढरं आलंय. टाकून देऊ?

पातळ, सपाट, सुरकुतलेला पांढरा पापुद्रा असेल तर काढून टाका, खालचं चांगलं असतं. केसाळ, हिरवं, काळं किंवा गुलाबी असेल तर सगळी बरणी टाका. काकडी बुळबुळीत झाली किंवा कुजकट वास आला तरी टाका. चव घेऊन बघायची नाही.

व्हिनेगरमध्ये सोपं नाही का?

सोपं आहे. बाटलीवर आम्लता किती टक्के ते वाचा. ५ टक्के असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे, त्याहून पाणी वाढवू नका. आपल्याकडं बऱ्याच बाटल्या ४ टक्क्यांच्या असतात. त्यात पाणी आणखी कमी घाला आणि बरणी फ्रिजमध्येच ठेवा. आंबट कमी असलेल्या बंद बरणीत जीवघेणं विष तयार होऊ शकतं आणि त्याला वास येत नाही, म्हणून यात अंदाजपंचे नको.

कैरीसारखं तेलात घालता येतं का?

ताज्या काकडीचं तेलातलं लोणचं टिकत नाही, पाणी फार सुटतं. आंबवलेल्या काकड्या पुसून, चकत्या करून, मोहरीची डाळ, तिखट आणि गार फोडणी घाला. फ्रिजमध्ये ठेवून आठ दिवसांत संपवा. भाकरीबरोबर उत्तम.

जास्त आल्या तर कंपनीला विकता येतील?

परड्यातल्या नाही. कर्नाटकात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे पीक करारावर होतं. कंपनी बी-खत देते, भाव आधी ठरतो, आणि तो आकारावर असतो. किलोत जितक्या जास्त काकड्या बसतील तितका भाव जास्त. माल मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये पिंपात भरून परदेशी जातो. युरोपात थंडीमुळं वर्षातून एकदाच पीक निघतं, इथं दोन-तीनदा. गंमत अशी की काकडी मुळात हिमालयाच्या पायथ्याची, म्हणजे आपलीच. शिवाय करार घ्यायचा तर रोज तोडायला माणसं लागतात. तुमच्या दोन किलोंसाठी त्यांची गाडी गल्लीत येणार नाही. शेजारी वाटा.

लपून राहिलेल्या, मोठ्या झालेल्या काकड्यांचं काय करू?

पिवळी पडायच्या आत सापडली तर किसून थालीपिठात. पाणी पिळून फेकू नका, पीठ त्यातच मळा. फारच मोठी असेल तर बिया काढून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून धोंडस करा. तवशाएवढं गोड होत नाही, गूळ थोडा जास्त घाला. पिवळी झालेली शेळीला.